खोली

डावा डोळा माझा नुसता शेजारी.
उघडा असतो, पाणावतो, धूळ गेली की चोळून घेतो.
बघायचं काम आजवर उजव्यानेच केलं.

कळलं नवव्या वर्षी.
निळूमामाने जुन्या बाजारातून एक लाकडी यंत्र आणलं,
नाकावर टेकवायचं, पुढे दांडी, दांडीवर पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर एकाच पुलाची दोन तपकिरी चित्रं.
"दोन्ही एक होतील बघ, पूल अंगावर येईल."
सगळ्यांच्या अंगावर आला.
शेजारची कुंदा तर किंचाळली.
मला उजवीकडचं चित्र तेवढं दिसलं,
पूल कागदाला चिकटून.
मीही किंचाळलो,
मागे नको पडायला म्हणून.

मग खटक्याची चकती आली, रंगीत,
शाळेत दहा पैशांना सात चित्रं.
तिथेही किंचाळलो.
सवय होते.

पुढे नोकरी लागली ती नेमकी थेटरात,
दारात उभं राहून पुठ्ठ्याचे चष्मे वाटायची.
एक काच तांबडी, एक निळी.
मी लावला तर अख्खा सिनेमा निळा.
पडद्यातून भाला सुटे,
आठशे माणसं एकदम खाली वाकत,
आणि मी मागच्या भिंतीला टेकून
बॅटरीच्या उजेडात वाकलेल्या माना बघायचो.
खोली कशी असते ते
मी त्या मानांवरून शिकलो.

वर्षं गेली. पडदा चंदेरी झाला,
चष्मे प्लास्टिकचे, करड्या काचांचे.
म्हणे आता रंग खरे, डोकं दुखत नाही.
मला एवढंच, की निळं जाऊन काळपट आलं,
आणि खेळ सुटला की
बादलीत डेटॉल घालून चारशे चष्मे धुवायचे.

सदाशिव पेठेतले डॉक्टर म्हणाले होते,
"लहानपणी पट्टी बांधायला हवी होती हो."
बरं.

तसं माझं काही अडलं नाही.
चहा ओतताना किटली कपाला टेकवतो.
जिना उतरताना पाय आधी विचारतो, मग ठेवतो.
आणि मान हलवतो. सारखी. इकडून तिकडे.
थेटरात सगळे मला नंदी म्हणायचे,
गुबुगुबु वाजवून दाखवायचे.
त्यांना काय सांगू,
सिंहगड रस्त्याने सायकलवर जाताना
खांब पळतात, घरं चालतात,
गड मात्र शेवटपर्यंत सोबत येतो.
जवळचं काय, लांबचं काय,
मला असं कळतं.

परवा कुंदाची नात आली, शर्वरी,
हिंजवडीत कामाला आहे.
पिशवीतून जाडजूड काळा डबा काढला,
माझ्या डोक्याला पट्ट्याने आवळला.
आत एक खोली. टेबल. टेबलावर तांब्या.
चिकटलेलं सगळं, नेहमीसारखं.
मी किंचाळायच्या तयारीत.

आणि सवयीने मान हलली.

टेबलाचा पाय सरकला.
त्यामागची भिंत, जी झाकली होती,
ती बोटभर उघडी पडली.
परत आणली मान, परत झाकली.
साठ वर्षांत एकाही चित्राने
माझ्यासाठी अंग चोरलं नव्हतं.
सगळी खिडकीतल्या कारकुनासारखी,
मी कुठूनही वाकलो तरी तोंड तेच.

बाहेरून शर्वरी काही सांगत होती,
आत म्हणे मोजणी चालते,
डोकं किती हललं, कुठे हललं.
म्हणजे आजवर सगळ्यांनी
डोळे दोन आहेत असं धरूनच चाललं होतं,
मानेला कुणी विचारलं नव्हतं.

मी तांब्याकडे हात केला.
माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत
फडताळावरचं स्टीलचं भांडं पडलं,
गडगडत कॉटखाली गेलं.
जाऊ दे.
ह्या खोलीला खोली होती.

"दिसतंय का आजोबा? सांगा ना, दिसतंय?"
मी बोललो नाही. मान हलवत राहिलो,
इकडून तिकडे, तिकडून इकडे.
तिला वाटलं, हो म्हणतोय.